पाचशे खाचा

सुनेने पट्टी गिटारच्या कडेला आतून लावली आणि हलकेच वाकवत नेली. कमरेच्या वळणाशी येताच 'टक्' असा आवाज झाला आणि तिच्या हातात दोन तुकडे राहिले. सकाळपासूनची ही तिसरी. तिने खिडकीकडे पाहिलं. तिथे खुर्चीवर सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, करवत चालू होती. तिने तुकडे एप्रनच्या खिशात घातले आणि काही झालंच नाही अशा बेताने सरसाची बाटली पुसायला घेतली.

गिटारची वरची फळी पातळ, बाजूचीही पातळ. नुसती कडेला कड चिकटत नाही. म्हणून आतून, कोपरा धरून, लाकडाची एक पट्टी लावावी लागते. सरळ पट्टी त्या वळणावर बसणार कशी? तर तिला दर सहा मिलिमीटरवर करवतीने खाच पाडायची, पण आरपार नाही. तळाशी मिलिमीटरभर लाकूड राखायचं. जास्त राखलं तर पट्टी वाकत नाही, कमी राखलं तर मोडते. एका गिटारला अशा चार पट्ट्या, सगळ्या मिळून पाचशेच्या वर खाचा. त्या सासूबाई पाडत. मापपट्टी नाही, पेन्सिलीची खूण नाही, नुसत्या अंदाजाने. एकेचाळीस वर्षं.

गेल्या चार महिन्यांत मात्र तो अंदाज चुकायला लागला होता. सुनेने त्यांचे डोळे तपासून आणले. डोळ्यांत नवा दोष निघाला नाही, चष्म्याचा नंबर तोच होता. हात थरथरत नव्हता. तरी दहातल्या चार पट्ट्या मोडत.

पुढच्या खोलीत नवऱ्याचं दुकान होतं. तो तारा बसवायचा, दुरुस्त्या करायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आईच्या हाताचं कौतुक ऐकवायचा. सुनेने त्याच्याकडे विषय काढला तेव्हा तो तार पिळता पिळताच बोलला. बाबा गेल्यावर आई त्या खुर्चीमुळेच उभी राहिली, असं त्याचं म्हणणं. तिच्या हातातली करवत काढून घेणं म्हणजे तिला घरात बसवणं. अंदाज चुकतोय हे काही करून तिला कळू द्यायचं नाही.

सून म्हणाली, आईंना न दुखवता एक करता येईल. जिग बनवूया, म्हणजे करवत धरून ठेवणारा लाकडी साचा. करवतीला आपोआप वाट मिळेल, खाच किती खोल जायची ते ठरलेलं राहील, आणि आईंची खुर्ची आईंनाच राहील. एका संगीतशाळेची बारा लहान गिटारींची ऑर्डर आली होती. कामाचा वेग वाढवायचाय, एवढं निमित्त पुरेसं होतं. नवऱ्याने मान हलवली, पण सांगायचं काम तिच्यावरच सोपवलं. आईच्या बाबतीत तो शूर नव्हता.

जिगला दोन दिवस लागले. प्लायवूडच्या तुकड्यावर तिने दोन रूळ ठोकून पट्टी सरकेल एवढी वाट केली. वाटेवर आडवी, शिसवीच्या दोन ठोकळ्यांमध्ये करवतीची फट ठेवली. करवतीच्या पाठीवर पितळेची जाड पट्टी होती. ती ठोकळ्यांवर टेकली की दाते तळापासून बरोबर एक मिलिमीटर वर थांबत. मग फटीपासून सहा मिलिमीटरवर जुन्या करवतीच्या पात्याचा इवलासा तुकडा उभा बसवला. एक खाच पाडायची, पट्टी उचलायची, ती खाच त्या पात्यावर बसवायची, की पुढच्या खाचेची जागा करवतीखाली हजर. मोजायला नको, बघायलाही नको.

सासूबाई मध्येच येऊन उभ्या राहत, हात मागे बांधून. हे काय, ते काय, असं विचारत. बारा गिटारींचं कारण त्यांनी ऐकून घेतलं. बरं, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सुनेने पहिली पट्टी चालवली. खाचा अशा पडल्या की फणीचे दाते. तिने वाकवली आणि ती मधोमध मोडली. दुसरी केली, तीही तिथेच गेली. ती तुकडे उलटेसुलटे करून बघत होती, तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उठून आल्या.

"पट्टी मध्ये वर उचलली जातेय," त्या म्हणाल्या. "खाली नीट टेकत नाही, म्हणून करवत तिथे खोल जाते. माझा हा अंगठा कुठे असतो बघ."

त्यांनी डावा हात जिगवर ठेवला. अंगठा खाचेच्या अगदी शेजारी, पट्टीवर दाबलेला. अकरा वर्षं सून त्यांना काम करताना बघत होती. सगळ्यांसारखं तिनेही उजव्याच हाताकडे पाहिलं होतं.

दोघींनी मिळून लाकडाची एक चपटी जीभ तासली आणि त्याच जागी स्क्रूने बसवली, पट्टीला दाबून धरील अशी. तिसरी पट्टी निघाली ती सासूबाईंनी स्वतः हातात घेतली. गिटारच्या कमरेवरून, खांद्यावरून ती दोरीसारखी फिरली. कुठे कुरकुर नाही.

"झालं की," त्या म्हणाल्या.

सुनेने दोन दिवस घोटलेलं वाक्य बाहेर काढलं. "आई, आता तुम्हाला सोपं जाईल. नुसतं पुढे सरकवत राहायचं."

"मला? आता मी कशाला?"

सून घाईघाईने सांगू लागली, की काम त्यांचंच आहे, कुणी काढून घेत नाही, खुर्ची इथेच राहील, हे यंत्रबिंत्र नाही, नुसता हाताला आधार आहे. सासूबाईंनी ते सगळं ऐकलं. मग स्टूल ओढून बसल्या आणि मांडीवरचा भुसा झटकला.

"अगं, मला हे काम कधी आवडलंच नाही."

सुनेने करवत खाली ठेवली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, सासूबाईंनी सांगितलं, सासऱ्यांचे दोन्ही हात सरसात अडकले होते, म्हणून त्यांनी एक पट्टी कापायला दिली. ती चांगली जमली. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी दोन पट्ट्या ठेवलेल्या होत्या. आठवड्याने खुर्ची आली. मग गिऱ्हाइकांना हाताचं कौतुक सांगणं सुरू झालं, आणि पुढे मुलगाही तेच सांगायला लागला.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तोंडावर सगळे म्हणतात, काय हात आहे. त्यावर कंटाळा येतो असं कसं म्हणायचं? शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं गं. कौतुक करणाऱ्याला काय देणार?"

सुनेचा हात नकळत एप्रनच्या खिशावर गेला. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"कान शाबूत आहेत माझे. चार महिने ऐकतेय ते टक् टक्. रोज वाटायचं, आज तरी कुणी म्हणेल, बाई, आता पुरे. तू आपली तुकडे खिशात घालतेस."

पट्ट्या आपोआप मोडत होत्या, की मुद्दाम... हा प्रश्न सुनेच्या ओठांवर आला. पण सासूबाई चष्मा मिटून त्याच्या डबीत ठेवत होत्या, आणि त्या एवढ्याशा कामात त्यांनी मान इतकी खाली घातली होती, की सुनेने तो प्रश्न गिळला.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी चपला घातल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. सून खुर्चीवर बसली. पट्टी वाटेत, लाकडी जिभेखाली सारली, खाच पाडली, उचलली, पात्यावर बसवली. पुन्हा खाच. तिसाव्या खाचेला तिला जांभई आली. चाळिसाव्याला तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोर शेजाऱ्यांची भिंत होती, तिच्यावर काहीही नव्हतं.

नवरा आत आला. आई कुठे, त्याने विचारलं. बाहेर गेल्या, ती म्हणाली. एकटी? हो. काही बोलली? त्यावर तिने त्याला सकाळचं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्याने एकदा हसल्यासारखं केलं, पण ते जमलं नाही.

"मी तर सगळ्यांना सांगत आलो..." तो म्हणाला.

सून खुर्चीवरून उठली आणि करवत त्याच्या हातात दिली.

"बस. या पट्टीच्या उरलेल्या नव्वद खाचा तुझ्या."