पावडरीचा आकडा

त्रिशलानं पिशवीतून डबा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर दणकन ठेवला.

"हे बघा डॉक्टर. ही पावडर खातोय आमचा गोमटेश. जिमसाठी. घरात कुणाला पत्ता न्हाय."

डॉ. राघवेंद्रांनी डब्यावरचं नाव वाचलं. क्रिएटिन.

महिन्यापूर्वी याच खोलीत त्यांनी सांगितलं होतं की भावाच्या रक्तात क्रिएटिनीन एक पॉइंट सहा आहे, म्हणजे किडनी नीट काम करत नाही, ती घेता येणार नाही. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, आईला साखर, आप्पा कधीच गेलेले. राहता राहिला होता हा एकुलता एक भाऊ. सुया टोचून टोचून त्रिशलाच्या हाताची शीर सुतळीसारखी वर आली होती, आणि आता डायलिसिसही अंगाला मानवेना. अशात परवा निपाणीला माहेरी गेली, तर गोमटेशच्या कपाटात हा डबा. ती तडक जिमवाल्या साईराजकडे गेली. पावडरीनं नुसता आकडा वाढतो, किडनीला काही होत नाही, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. गोमटेशला ती काहीच बोलली नाही; आज सोबत आलेल्या त्याला बाहेर बसवून ती एकटीच आत आली होती. आनंदाची बातमी डॉक्टरांच्या तोंडून पक्की झाली की मगच सांगायची होती.

"असं हुतं न्हवं, डॉक्टर?"

"होतं. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनीन बनतं. किडनी चांगली असली तरी रक्तात जास्त दिसू शकतं."

"मग बंद करू की पावडर! परत तपासा. न्हायतर ती दुसरी टेस्ट असती म्हणं, पावडरीनं फरक न पडणारी. सिस्टॅटिन का काय ती."

डॉक्टरांनी डबा हळूच तिच्याकडे सरकवला.

"पावडरीचं त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं, ताई. ती टेस्टही केली आपण."

"मग?"

एकदा सांगितलेलं खोटं पुन्हा डॉक्टरांच्या तोंडून निघेना.

"किडनी देणाऱ्या माणसाशी आम्ही एकांतात बोलतो. ते बोलणं बाहेर सांगत नाही. त्याची किडनी घेता येणार नाही, एवढंच मी सांगू शकतो. आजही."

गोमट्या! कडेवर घेऊन फिरवलं होतं त्याला, आणि त्यानंच नको म्हणावं? बाहेर जाऊन चारचौघांत त्याच्या मुस्कटात द्यावी, मला जगायचंय रं, असं ओरडावं, असं तिला वाटलं. डबा पिशवीत तळाशी ढकलून ती उठली.

गोमटेश बाकावरून ताडकन उभा राहिला. दंड शर्टात मावत नव्हते, पण तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"एवढा येळ, आक्का? काय म्हणालं डॉक्टर?"

तिचा हात वर गेला आणि त्याच्या खांद्यावर टेकला. एवढा दांडगा गडी लटलट कापत होता.

"न्हाय जमत म्हणालं. तुझा आकडा लई हाय. पानी पीत जा जरा."

गोमटेश मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"लई जीव हाय गं भावाचा तुझ्यावर."

"व्हय की," त्रिशला म्हणाली, आणि डायलिसिसची वेळ झाली म्हणून पुढं चालू लागली.