मुदत संपलेले बूट

सुनेने फाइलमधल्या भरलेल्या बिलांची बेरीज पुन्हा एकदा केली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुकानाच्या डिजिटल पाकिटात क्रिप्टोचे पैसे फाइलपेक्षा जास्त निघत होते. कमी निघाले असते तर तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. कमी पडले की कुणाला तरी धरता येतं. जास्त निघाले तर धरायचं कुणाला?

दुकान सासऱ्यांचं. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत त्यांच्यासाठी ते बूट शिवत. एक टाच जाड, एक पातळ, ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे. गिऱ्हाइकं लांबलांबची, आणि त्यातली बरीच आता क्रिप्टोत पैसे देत. लग्न होऊन आल्यावर सुनेने हिशोब हातात घेतला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. बाई हुशार, कामाला चटपटीत. तिची चूक काढायला जाणारा स्वतःचीच चूक घेऊन परत यायचा. हे तिलाही चांगलं ठाऊक होतं आणि ती ते काही लपवत नसे.

पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडून दर महिन्याला फाइल येई. तीत प्रत्येक बिलापुढे शेरा असे: ‘पूर्ण’, ‘खात्री बाकी’, ‘कमी भरले’, ‘मुदत संपली’. सासऱ्यांचं डोकं त्यात गरगरायचं. म्हणून तिने सोपा नियम करून दिला. ‘पूर्ण’ असेल तर बूट पाठवायचे, नसेल तर फळीवर ठेवायचे. बाकीचे रकाने तिने लपवूनच टाकले होते, उगाच डोळ्यांना ताप नको.

फळीवर सध्या एकच जोड होता. लहान मुलीचा, लाल, डावी टाच जाड. त्याच्या बिलापुढे ‘मुदत संपली’. मुलीच्या आईने दोनदा लिहिलं होतं की पैसे पाठवलेत. सुनेने दोन्ही वेळा आदबीने कळवलं की आमच्याकडे नोंद नाही. तिसऱ्यांदा काही आलं नाही. ती बाई फसवणाऱ्यातली वाटत नाही, असं सासरे म्हणाले होते. त्यावर सून म्हणाली होती, बाबा, वाटण्यावर दुकान चालत नाही.  पण सासरे अधूनमधून ते बूट खाली काढून पुसत, आणि ती पाहून न पाहिल्यासारखं करी.

आता तिने लपवलेले रकाने उघडले. ‘मुदत संपली’च्या ओळींत मिळालेल्या रकमेचा रकाना कोरा असणार, असं ती धरून चालली होती. लाल बुटांच्या ओळीत तो भरलेला होता, पैन् पै. बिल पाव तासच उघडं राही, तेवढ्यात पैसे पोचले नाहीत की आपोआप ‘मुदत संपली’ पडे. त्या दिवशी क्रिप्टोच्या जाळ्यावर व्यवहारांची गर्दी असावी, पैसे बिल मिटल्यावर पोचले होते. गेल्या हिवाळ्यापासून ते पाकिटात पडून होते.

 आढेवेढे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने तिथूनच मुलीच्या आईला फोन लावला.

“ताई, तुमचे पैसे आले होते. चूक माझी झाली. बूट तयार आहेत, आजच पाठवते.”



“मापं हिवाळ्यात दिली होती,” मुलीची आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच सुनेला जास्त झोंबलं. “पोर वाढलीय हो तेव्हापासून.”

 आत काम करणारे सासरे बोलणं ऐकून बाहेर आले होते, त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. मुलीला कागदावर उभी करा, पेन्सिल सरळ धरा, भिंतीचा आधार घेऊ देऊ नका, फोटोत मोजपट्टी ठेवा, असं ते शांतपणे सांगत राहिले, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

दुपारी फोटो आला. सुनेने मोजपट्टी जुळवून तो खऱ्या मापाचा छापला आणि लाल बूट त्यावर ठेवून पाहिला.

“काय म्हणतंय?” सासऱ्यांनी आतून विचारलं.

“अंगठा बाहेर येतोय.”

“किती?”

तिने रेघेला बोट लावलं.

“बोटभर.”

ते उठले आणि कपाटाच्या तळातून लाल चामड्याची गुंडाळी काढून घेऊन आले. तेच चामडं, त्याच रंगाचं. ते दुकानात उरलंय हे तिला माहीत नव्हतं.

“बाजूला काढून ठेवलं होतं,” ते म्हणाले. “पोराचा पाय थांबतो होय कुणासाठी?”

ते कापायला बसले. सून टेबलाशी आली, त्या ओळीतलं ‘मुदत संपली’ तिने खोडलं आणि सवयीने ‘पूर्ण’ लिहिलं. मग तेही खोडलं. आत कात्री चालल्याचा आवाज येत होता. थोडा वेळ तो ऐकून तिने लिहिलं, ‘आपल्याकडून बाकी’.