जावईबापूंचा चष्मा

"तीन डेसिबल," इंजिनिअरबाई म्हणाली. "मावशी, तुमच्या गादीतून तीन डेसिबल गळतायत."

मावशीने शिवणयंत्र थांबवलं. डेसिबल म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण गळतंय म्हटल्यावर खोट आपल्या शिवणात काढली जातेय एवढं कळलं.

"कुठून गळतायत? माझा टाका कधी सुटलेला नसतो."

"टाक्यातून नाही, इथून." बाईने हेडफोनच्या कानाच्या गादीवर बोट दाबलं. "मागच्या बाजूला नखाएवढी जागा मऊ लागतेय. ड्रॉइंगमध्ये सगळीकडे एकसारखा फोम आहे. ही मऊ जागा तुम्ही कुठून आणलीत?"

मावशी यंत्रातला दोरा पुन्हा ओवायला लागली. प्रश्न टाळणं हा तिचा स्वभाव नव्हे, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

तेरा माणसांचा कारखाना, आणि माल स्वस्तातला. स्वस्त हेडफोन घेणाऱ्यालाही दोन्ही हवं असतं, कान दुखायला नकोत आणि गाणं भरदार वाजायला हवं. या दोहोंचं सख्य मात्र विळ्या-भोपळ्याचं. डोक्यावरची पट्टी घट्ट केली की खर्ज भरतो आणि कान ठणकतात. सैल केली की कान सुखावतात, पण गाणं शेजारच्या घरात लागल्यासारखं वाटतं. या दोघांत समेट घडवायचा तो कानाच्या गादीने, आणि गादी एकवीस वर्षं मावशीची.

निवाडा करायला चार महिन्यांपूर्वी इंजिनिअरबाई आली, आणि तिच्याबरोबर जावईबापू आले. जावईबापू म्हणजे हेडफोन चढवून आवाज मोजायचं, रबरी कानांचं, आत मायक्रोफोन बसवलेलं एक मुंडकं. सगळा कारखाना त्याच्या पुढेपुढे करायचा आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, म्हणून ते नाव पडलं. या जावईबापूंना आता बाहेरून आणलेली तयार गादी पसंत पडली होती. पिशवीतून काढा, चिकटवा, झालं काम.

"उद्या सकाळी नमुना जायचाय," मालक हळूच म्हणाले. "मावशी, तयार गादी घ्यावी म्हणतो. तुम्हाला पॅकिंगला घेऊ. बसून काम, डोळ्यांना त्रास नाही."

आता मालक माणूस वाईट नव्हता. पण म्हणजे उरलेली वर्षं खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या. यंत्र गेलं तर तिचं इथलं माणूसपणच गेलं, असं तिला वाटलं.

त्या मऊ जागेची गोष्ट सांगायची तर ती मावशीच्या यजमानांची. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, जाड काड्यांचा चष्मा. मावशी प्रत्येक नवा नमुना घरी न्यायची आणि त्यांच्या डोक्यावर चढवायची. भाजी निवडता निवडता ते गाणी ऐकायचे आणि तासाभराने निकाल द्यायचे, "गाणं झकास आहे. पण काडी रुतते गं." मग मावशीने कुणालाही न विचारता काडीच्या जागेपुरता मऊ फोम घातला. त्या रात्री ते हेडफोन घालूनच खुर्चीत झोपले. तिला तेवढं प्रशस्तिपत्र पुरलं. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं, हात मात्र तशीच गादी करत राहिला.

तिची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली. 'तपासणीपूर्वी टोपी, डूल, चष्मा काढावा.' पाटी मालकांनीच लावलेली. सगळ्यांची तपासणी सारखी व्हावी म्हणून चष्मेवाले चष्मा काढूनच हेडफोन घालायचे, वर्षानुवर्षं.

"मालक," मावशी म्हणाली, "घरी गाणं ऐकताना तुम्ही चष्मा काढता?"

"घरी कुठला ऐकतोय मी? कानामागे दुखतं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकून हसू दाबलं.

मावशीने पिशवीत हात घातला. डब्याखालून एक डबी काढली, डबीतून जाड काड्यांचा चष्मा, आणि तो जावईबापूंच्या नाकावर चढवला.

"आता मोजा."

बाईने तयार गादी लावली, मोजलं, पुन्हा मोजलं. "आठ गेले," ती म्हणाली. काडीपाशी फटच पडली होती. मग मावशीची गादी लावली. "तीन. मघाचेच तीन."

"म्हणजे कुठली चांगली?" मालकांनी विचारलं.

"चष्मा नसेल तर तयार गादी जराशी सरस. चष्मा असेल तर मावशींची, कितीतरी."

"आणि दोन तास घातल्यावर?" मावशीने विचारलं.

"ते यंत्र सांगत नाही."

"मग तू सांग. तुलाही चष्मा आहे की."

पोरगी प्रामाणिक होती. तिने एकाच हेडफोनला डावीकडे तयार गादी लावली, उजवीकडे मावशीची, आणि नोकरीत पहिल्यांदाच चष्म्यावरून हेडफोन घालून कामाला बसली. अर्ध्या तासात तिचा हात डाव्या कानाकडे गेला. मग वरचेवर जायला लागला. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली तेव्हा डावी बाजू वर सरकवलेली होती, कान लालबुंद. उजवी जागच्या जागी. आपण हेडफोन घालूनच जेवायला बसलोय हे तिला पोळीचा दुसरा घास घेतल्यावर कळलं.

"मग माझं यंत्र आता कुठे हलवायचं?" मावशीने मालकांना विचारलं.

"खिडकीपाशी," मालक म्हणाले. "तिथे उजेड चांगला येतो."

दुपारी बाईने खर्ज थोडा वर उचलून ते तीन डेसिबल भरून काढले. "हे माझं काम होतं, मी उगाच तुमच्या गळ्यात घातलं," ती म्हणाली. मग ड्रॉइंग उघडून गादीवर नखाएवढा गोल काढला. "या जागेला काय म्हणू?"

"काडीची जागा. आमच्याकडे तेच म्हणायचे."

तिने तसंच लिहिलं. मालकांनी स्टुलावर चढून पाटीवरचा 'चष्मा' रंगाने पुसला.

संध्याकाळी बाई जावईबापूंच्या नाकावरचा चष्मा काढायला गेली. "उद्या मी दुसरा आणते तपासायला. हा तुम्ही घेऊन जा."

मावशीने बघितलं. डोक्यावर हेडफोन, नाकावर चष्मा, कानात गाणं चालू. तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरले.

"राहू दे," ती म्हणाली. "घरी नुसता डबीत पडून असतो. इथे त्याला काम आहे."

कापडाच्या तुकड्याने तिने दोन्ही काचा पुसल्या, रोज सकाळी पुसायची तशा. रिकामी डबी पिशवीत जागच्या जागी ठेवली. बाईने दिवे मालवले आणि गाणं बंद करायला हात पुढे केला.

"थांब," मावशी म्हणाली. "तेवढं संपू दे."