चमचाभर कालचे दही

मित्रांनो, मी एक जुने विरजण आहे. हसू नका! जुने म्हणालो खरे, पण माझे वय एका दिवसाहून जास्त सहसा नसते. संध्याकाळी दुधात मला चमचाभर घालतात, सकाळी त्याचे दही होते आणि त्यातले चमचाभर पुन्हा बाजूला राहते. तेच मी. दूध रोज नवे, वाटी कधी ही तर कधी ती, तरी घरात सगळे मला ‘आपलं विरजण’च म्हणतात. कुणाचा बेत फसला की लोक म्हणतात, ‘आनंदावर विरजण पडले.’ ही माझी फुकटची बदनामी आहे. मी पडलो तर दही लागते, त्यात वाईट काय?

शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला वर्षानुवर्षे सांभाळले. मशीन थांबवून ती ओट्याशी येई, दुधात करंगळी बुडवी, “हं, आता झालं,” असे स्वतःशीच म्हणे आणि मला ढवळून भांडे टॉवेलात गुंडाळून ठेवी. शेजारच्या काकूंचे दही सारखे बिघडे. मग त्या रिकामी वाटी घेऊन दारात हजर!

“वहिनी, तुमच्या घरी दही लागतं की रुसतं?” आई चिडवी, पण मला भरभरून देई.

पुढे आई आजारी पडली आणि त्यातच गेली. तिची धाकटी मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने फ्रीज उघडला आणि माझ्या वाटीकडे पाहत कितीतरी वेळ उभी राहिली.

“ताई, हे आईच्या हातचं शेवटचं दही. याला कुणी हात लावायचा नाही,” तिने थोरल्या बहिणीला बजावले.

वाटीवर झाकण आले, झाकणावर फडके, आणि माझी रवानगी फ्रीजच्या अगदी मागे. घरात दुकानातले दही येऊ लागले. मला फार वाईट वाटे. तिने मायेनेच जपले होते हो. पण विरजण जपायचे तर ते रोज वापरावे लागते, हे ती दुःखात विसरली. मी आंबटढाण झालो, वर पिवळे पाणी सुटले, कडेला बुरशी धरली.

एका रविवारी ताईने झाकण काढले आणि नाक दाबले. “अगं, हे तर पार गेलं!”

धाकटी ओट्याशीच रडू लागली. “आईचं एवढंच उरलं होतं गं. तेही मी घालवलं.”

आवाज ऐकून काकू धावत आल्या. झाला प्रकार कळताच आल्या पावली परत गेल्या आणि भरलेली वाटी घेऊन आल्या. “हे घे. तुझ्या आईनेच दिलेलं. रोज लावत राहिले, या खेपेला बिघडू दिलं नाही मी. आता मागणार कुणाकडे?”

माझा जीव अगदी भांड्यात पडला! त्या वाटीतही मीच होतो ना.

धाकटीला मात्र पटेना. “पण काकू, हे आईच्या हातचं नाही.”

“अगं, आईला तरी ते तिच्या सासूने दिलं होतं. आणि एकच दही तिने कधी जपून ठेवलेलं पाहिलंस?”

धाकटीने डोळे पुसले. ताईने दूध तापवून निवत ठेवले. थोड्या वेळाने धाकटीने त्यात करंगळी बुडवली. “हं, आता झालं,” ती स्वतःशीच म्हणाली.

ताई चमचा हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली. मग एकदम हसली, डोळे भरलेले असतानाच. “अगं, आई बोलली!”

मित्रांनो, तुम्ही विचाराल, मग तू जुने की नवे? मला वाटते, मी एखादी वस्तू नाहीच. रोज नव्याने लागणे, हाच मी. तुमचेही तसेच आहे. उंची वाढली, दुधाचे दात पडले, काल येत नव्हते ते गणित आज येते, तरी हाक मारली की ‘ओ’ तुम्हीच देता. म्हणून जे आवडते ते नुसते झाकून ठेवू नका. ते करत राहा, दुसऱ्याला देत राहा. आणि हो, दह्याचे भांडे चाटूनपुसून साफ करण्यापूर्वी थांबा. उद्यासाठी मला चमचाभर मागे ठेवा!