काळजाभोवतीचं पाणी

धाकटी जाऊ सरू आजारी पडली आणि दुखू लागलं ते मनकर्णाच्या पोटात. मनकर्णा थोरली जाऊ. लग्न होऊन कन्नडला आली तशी चूल न् गोठा तिच्याच गळ्यात. अंगात ताप असताना तिनं भाकरी थापल्या, पण सासूनं, दगडाबाईनं, कधी कपाळाला हात लावून पाहिला नव्हता. तीच दगडाबाई आता सरूच्या पाठीशी उशा रचून, दुधात खारीक उकळून पाजत होती. आडवं झालं की सरूचा जीव गुदमरायचा.

"सोंग हाय," मनकर्णा नवऱ्याला म्हणाली. "काम दिसलं की धाप लागती."

औरंगाबादला छातीचा फोटो काढला तर सरूचं हृदय मडक्याएवढं दिसलं. भोवतीच्या पिशवीत पाणी साचलं होतं. टीबी समजून गोळ्या सुरू केल्या, पाणी हटेना. शेवटी मोठ्या दवाखान्यात दाखल केली. सोबतीला सरूनं मनकर्णालाच मागितलं. आता इथंही हिचीच चाकरी, म्हणत ती धुसफुसत आली.

"आत्याबाईला का नाय आणलंस?" तिनं सासूबद्दल विचारलंच.

सरू थांबत थांबत बोलली, "त्या लई लाड करत्यात, आक्का. मला मरणाचं भ्या वाटतं. तुमी रागावता, तवा वाटतं, बरी व्हईन."

 मनकर्णा तांब्या भरायला उठली.

छातीत सुई घालून डॉक्टरांनी पाणी काढलं. लालसर होतं. त्या दिवशी सरू कितीतरी दिवसांनी पाठ टेकून झोपली. पाण्याची तपासणी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसवून सांगितलं, "लिम्फोमा आहे. कॅन्सरच, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. बहुतेकदा मानेत, काखेत गाठ येते. हिला गाठ कुठंच नाही, पेशी थेट या पाण्यातच सापडल्या. म्हणून कळायला उशीर झाला. औषधानं बरी होऊ शकेल."

सलाईनमधून औषधं सुरू झाली. सरूचे केस गेले, तोंड आलं. मनकर्णा तिला ताक पाजायची, ओकली की पदरानं तोंड पुसायची, आणि शिव्याही घालायची. पुढच्या उन्हाळ्यात पिशवीत पाणी उरलं नव्हतं.

घरी दगडाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या न् आपल्या हातातल्या पाटल्या काढून सरूला घातल्या. मनकर्णाच्या छातीत जुनी कळ उठली, पहिल्यासारखीच झोंबणारी. दवाखान्यात इतके महिने ती उठली नव्हती. धडधाकट माणसाचा हेवा करायला तिला उलट बरं वाटलं.

"पाटल्या काढून ठेव," ती सरूला म्हणाली. "उद्यापासून शेण तुझ्याकडं."