नेलपॉलिशचा लाल ठिपका

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. पत्र्याची करडी पेटी, डाव्या कोपऱ्याला पोचा, मधोमध बशीएवढी गोल चकती आणि तिच्या वर एक काटा. चकतीच्या खाली एक छोटं बटण आहे आणि त्यावर लाल ठिपका आहे. त्याचं पुढे येईलच.

माझं नाव सिग्नल जनरेटर. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. आवाज वाढवणाऱ्या यंत्रांना मी ठरावीक जोराचा विजेचा इशारा पाठवतो आणि त्यावर ते यंत्र काय उत्तर देतं ते माणसं बघतात. शाळेत शिक्षक प्रश्न विचारतात ना, तसंच. फरक इतकाच की मी कुणाला मार्क देत नाही आणि कुणाचा कानही पिरगाळत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडलं. एकीने तारा जोडल्या, दुसरीने स्क्रू आवळले. शेवटच्या बाईने चकती फिरवून काटा जागेवर येतो का ते पाहिलं आणि जांभई देत माझ्या पाठीवर ‘पास’चा शिक्का मारला. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते, आणि तेही जांभईसकट. पण शिक्का पक्का होता, अजून पुसलेला नाही.

तिथून मी एका घराच्या पुढच्या खोलीत आलो. त्या घराचे बाबा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी संच बनवायचे. छातीवर अडकवायची काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर, असा तो संच असे. पहिला संच त्यांनी बायकोसाठी बनवला होता. तरुणपणी एका तापातून ती उठली ती निम्मं ऐकणं गमावूनच. मग शेजारणीने आपल्या सासऱ्यांसाठी एक मागितला, सासऱ्यांच्या मित्राने एक, आणि असं करता करता तो धंदाच झाला. घरात सगळे बाबांच्या बायकोला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो.

कामाचा फोन आईच घ्यायची. कमी ऐकू येणाऱ्या बाईने फोन घ्यायचा, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण बाबांचा तसा हट्टच होता. “हिला फोनवर बोलता येतं, हीच आपली जाहिरात,” असं ते म्हणायचे. आई रिसीव्हर कानाला लावायचीच नाही, छातीवरच्या डबीला लावायची. नवखा माणूस बघतच राहायचा. तिकडचं गिऱ्हाईक काय बोलतंय ते आईला स्वच्छ ऐकू यायचं आणि काय बोलायचं टाळतंय तेही कळायचं.

आणखी एक रीत होती. संचांची नवी खेप तयार झाली की पहिला संच आईचा. ती तो आठ-दहा दिवस वापरायची आणि तिने मान डोलावली की मगच बाकीचे बाहेर जायचे.

बाबा माझी काळजी घेत, पण आंधळा विश्वास ठेवत नसत. माझा काटा काही का म्हणेना, ते मोजायचं मीटर घेऊन तारेच्या दुसऱ्या टोकाला जात आणि तिथे किती पोचलं ते बघत. सुरुवातीला मला राग यायचा. शिक्का मारलेलं यंत्र मी, आणि माझ्यावर पहारा? पुढे सवय झाली.

बाबा गेले आणि माझ्यासमोर त्यांची मोठी मुलगी बसू लागली. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा. ताईचा हात बाबांसारखाच, पण घाई जास्त. मीही तोवर थकलो होतो. मला तापायला वेळ लागे, तापलो की चकतीवरचा आकडा सरकू लागे आणि ताईला डोळे बारीक करून तो पुन्हा जागेवर आणावा लागे. अशातच कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या एका शाळेने प्रत्येक मुलासाठी एकेक संच मागितला. ताईने सरळ सांगितलं, “या आजोबांकडून एवढं काम होणार नाही. नवा घ्यायला हवा.” खोटं का सांगू, मला वाईट वाटलं. पण तिचं बरोबर होतं.

दुकानदाराने पारखायला तीन नमुने पाठवले. धाकटा पहिल्यालाच भुलला. “ताई, याचा पल्ला बघ. पार रेडिओच्या लहरींपर्यंत जातो. आणि पडदाही रंगीत आहे.”

“माणसाचा कान जातो का रेडिओच्या लहरींपर्यंत?” ताई म्हणाली. “कानाला लागतं तेवढंच हवं. पण जे देईल ते स्वच्छ द्यायला हवं, अगदी बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करता यायला हवं, आणि तापलं तरी हलायला नको. रंगीत पडदा तुला घरी बघायला आहे की.”

अशी पारख करून तिने मधला निवडला. मित्रांनो, निवड चोख होती. मी असतो तरी तोच निवडला असता. फक्त एक गोष्ट तिने विचारली नाही. ‘पडद्यावरचा आकडा तू समोर कसलं यंत्र जोडलंय असं धरून दाखवतोस?’ एवढीच.

माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. डोक्यावर स्क्रूची बरणी आली. धाकटा म्हणाला, “भंगारवाला आला की देऊन टाकू.” ताई म्हणाली, “राहू दे. बाबांचा आहे.” कामाचा आहे असं काही ती म्हणाली नाही.

नव्याने कामाचा फडशा पाडला. ठरलेला आकडा लावायचा, संचातला बारीक स्क्रू फिरवून उत्तर खुणेवर आणायचं, पुढचा संच घ्यायचा. तारेच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावणं ताईने सोडून दिलं. आकडा समोर लखलखत असताना पुन्हा मोजायचं कशाला? रीतीप्रमाणे पहिला संच आईच्या छातीवर आला आणि तिचा जुना खणात गेला.

आणि आईला कमी ऐकू येऊ लागलं.

आधी तिने डबीचा आवाज वाढवला. मग पूर्ण वाढवला. मग फोनवर “जरा मोठ्याने बोला” सुरू झालं. मग रिसीव्हर धाकट्याच्या हातात जाऊ लागला. जेवताना दोघं काही बोलून हसली की तीही हसायची, पण अंमळ उशिराने. कपाटावरून मला ते दिसत असे.

एकदा ताईजवळ तिने मन मोकळं केलं. “डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते गं, उरलेलंही एक दिवस जाईल म्हणून. तो दिवस आला वाटतं. मला भीती वाटते. तुमचे आवाज विसरून जाईन मी.”

ताईने तिचा संच नेऊन नव्यावर तपासला. उत्तर अगदी खुणेवर. पुन्हा तपासला, पुन्हा खुणेवर. संचात दोष निघाला असता तर बरं झालं असतं, तो काढता आला असता. ती बाहेर येऊन म्हणाली, “संच बरोबर आहे, आई.”

“मग माझाच कान गेला,” आई म्हणाली. त्या दिवशी तिने आपली खुर्ची फोनजवळून उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली.

मित्रांनो, यंत्राला हळहळ नसते असं म्हणतात. असेल. पण ती खुर्ची सरकताना बघून मला काय झालं ते माझं मला माहीत.

इकडे शाळेचे संच खोक्यांत भरून झाले. दुसऱ्या दिवशी ते जायचे होते. धाकटा आईकडे पाठ करून चिकटपट्टी लावत होता. तो ताईला दबक्या आवाजात म्हणाला, “आता आईपुढे घसा फोडण्यापेक्षा लिहून दाखवलेलं बरं.”

“लिहून दाखव,” मागून आई म्हणाली, “पण आधी अक्षर सुधार. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं काढतोस.”

दोघं गर्रकन वळली. आईच्या छातीवर जुना संच होता. तिने तो गुपचूप खणातून काढला होता. “यात येतंय मला ऐकू,” ती म्हणाली. आवाजात धीर नव्हता. खरं आहे की मनाचा खेळ आहे, हे तिलाच कळत नव्हतं.

“जुनं ते सोनं, दुसरं काय,” धाकटा म्हणाला.

ताई मात्र चिडली. रात्रंदिवस राबून केलेल्या कामाला आईने असं नाकारावं, हे तिला लागलं. “थांब, आता दाखवतेच. तुझा जुना संच ज्याच्यावर तपासला होता, त्याच्यावरच नवा तपासते. मग तर पटेल?” तिने स्टूल घेतलं, बरणी बाजूला केली आणि मला खाली उतरवलं. पदराने धूळसुद्धा पुसली. आईला चूक ठरवायला का होईना, मला कुणीतरी हात लावला.

मी तापेपर्यंत ती थांबली, तेवढं तिच्या लक्षात होतं. आईचा जुना संच जोडला. उत्तर खुणेवर. नवा जोडला. उत्तर निम्म्यावरच अडकलं.

“म्हातारा गेला कामातून,” धाकटा म्हणाला.

ताईने तेच दोन्ही संच नव्या यंत्रावर लावले. तिथे नवा संच खुणेवर आणि जुना खुणेच्या कुठच्या कुठे वर. दोन शिक्षक, एकच प्रश्न, आणि एकाच मुलाची दोन उत्तरं.

“दोघांतला खोटारडा कोण?” धाकट्याने विचारलं.

कुणीच नाही, मित्रांनो. ताई उठली. तिने बाबांचं मीटर काढलं आणि इतक्या दिवसांनी तारेच्या दुसऱ्या टोकाला लावलं. माझा आकडा होता तेवढाच तिथे पोचत होता. नव्याचा पोचत होता बरोबर दुप्पट.

त्याचं कारण साधं आहे. काही यंत्रं आलेली वीज पाहुण्यासारखी भरपेट घेतात, काही नुसता वास घेऊन समाधान मानतात. नवा असं धरून चालत होता की समोरचा खादाड आहे. मग अर्धं आपल्याच घरात खर्च होणार, म्हणून तो आतून दुप्पट काढत होता आणि पडद्यावर मात्र अर्धंच दाखवत होता. पण आपले संच काहीच खाणारे नव्हेत. त्यांच्यापर्यंत सगळंच्या सगळं दुप्पट पोचत होतं. ताईला वाटे संच जास्त मोठ्याने बोलतोय, म्हणून ती स्क्रू फिरवून त्याचा आवाज निम्मा करत होती. नव्याच्या आत, यादीत पार खाली, समोरचा कसा आहे ते सांगायची एक ओळ होती. ती कुणी उघडलीच नव्हती.

ताईची नजर माझ्या बटणावर गेली. लाल ठिपक्याशेजारी बारीक अक्षरांत हाच प्रश्न कोरलेला होता. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसली, पण हे बटण तिने कधी हलवलं नव्हतं, कारण ते हलतच नव्हतं.

“आई, हा ठिपका कसला?”

“ती माझी नेलपॉलिश,” आई म्हणाली. “एकदा पुसताना माझ्याकडून ते बटण सरकलं आणि यांचं दिवसभराचं काम वाया गेलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. भाचीच्या लग्नासाठी आणलेली नवी कोरी बाटली घेतली आणि बटण पुन्हा सरकू नये म्हणून त्यावर ओतली. त्याबद्दल मी मात्र आठवडाभर बोलत होते.”

ताई आईजवळ येऊन बसली. आईचा हात हातात घेऊन रडली. “तुझे कान चांगले आहेत, आई. आधी होते तसेच आहेत. मीच कमी ऐकवलं तुला.” आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिची नजर दाराशी रचलेल्या खोक्यांवर गेली आणि ताईचीही तिथेच गेली.

“तुला आधी किती ऐकू यायचं ते आठवत होतं, म्हणून तू बोललीस,” ताई अगदी हळू म्हणाली. “त्या मुलांना काय आठवणार होतं? त्यांना वाटलं असतं जग एवढंच बोलतं. त्यांनी तक्रारसुद्धा केली नसती.”

“म्हणून तर पहिला संच माझा असतो,” आई म्हणाली. जुन्या डबीतून तिला ते हळू बोलणंही ऐकू आलं होतं.

धाकट्याने चिकटपट्ट्या फाडायला सुरुवात केली. ताईने नव्याची ती ओळ बदलली, मीटर दुसऱ्या टोकाला लावलं आणि एकेक संच पुन्हा पहिल्यापासून हातात घेतला. आईने खुर्ची उचलून फोनपाशी आणली. शाळेला फोन करून तिनेच सांगितलं की थोडा उशीर होईल, चूक आमची आहे.

आता मी नव्याच्या शेजारी टेबलावर असतो. रोजचं काम तोच करतो, ते त्यालाच शोभतं. सकाळी मात्र ताई आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारायला लावते आणि उत्तर जुळलं की मगच कामाला बसते. आईने नेलपॉलिशची नवी बाटली ताईकडून हट्टाने वसूल केली. त्यातला एक ठिपका नव्याच्या चौकटीवर आहे, बाकीची तिच्या नखांवर.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. यंत्र निवडाल तेव्हा त्याला काय काय येतं एवढंच बघू नका, ते कुणाशी बोलणार आहे तेही विचारा. आमच्यासारख्या जुन्यांना भंगारात घालण्याआधी आमच्यावरचे ठिपके कुणी आणि का लावले ते एकदा विचारा. आणि कुणी म्हणालं, मला कमी ऐकू येतंय, तर त्याच्या कानाला दोष देऊ नका. उठून पलीकडच्या टोकाला जा आणि आपण पाठवलेलं तिथे किती पोचतंय ते बघा.

थांबतो, फोन वाजतोय. आईने रिसीव्हर डबीला लावला आहे. पलीकडचा माणूस बहुधा मागच्या वेळच्या सवयीने बोलतोय, कारण ती म्हणते आहे, “अहो, ओरडताय कशाला? मी काय बहिरी आहे?”