जावेच्यापेक्षा हिरवं पाणी

दैवशालाच्या पोटात दुखायचं ते धाकट्या जावेच्या तळ्यामुळं. नाहीतर काय कमी होतं तिला? मंठा गावाच्या अंगाला रान, दोघी जावांची दोन शेततळी, एकाच ओढ्याच्या पाण्यानं भरलेली. मासेही एकाच गाडीतून आणून सोडलेले. पण राजनंदिनीचं पाणी कसं हिरवंगार अन् मासा कसा भरलेला! पाणी हिरवं तर मासा बरा, असं जो तो म्हणायचा आणि तिकडंच बघत राहायचा. दैवशालाच्या तळ्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. कुणी काही बोलतच नव्हतं. हेच तिला खुपायचं.

मंग काय, बाईनं पदर खोचला. टोपल्या भरभरून शेण टाकलं, वर खताचं पोतं रिकामं केलं. पाणी हिरवं झालं. तेवढ्यात पावसानं ओढ दिली, ओढा आटला, आणि तळ्यातलं पाणी हाताला कोमट लागायला लागलं.

राजनंदिनी बांधावर येऊन म्हणाली, "बाई, आता शेण बंद करा. पाणी तापलं की हे हिरवं माजतं. रातीला माशाच्या वाट्याची हवा तेच खाऊन टाकतं. मी तर कव्हाच बंद केलं."

"बरं," दैवशाला म्हणाली. मनात म्हणाली, मोठी आली शहाणी. माझा मासा वाढू नये म्हणून सांगून राह्यली. त्या दिवशी तिनं मुद्दाम जास्तीचं शेण ओतलं.

पाण्यावर साय धरली, निळसर, कुजका वास मारणारी. दैवशाला खूश. एवढं तर त्या बयेच्या तळ्यातही न्हाई!

मंग आभाळ भरून आलं. पाऊस न्हाई, वारा न्हाई, नुसता उकाडा. सकाळी फटफटताना तिचा नवरा बद्रीनाथ तळ्यावरून ओरडला. मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते, कडेला पांढरी पोटं तरंगत होती. दैवशाला धावत तळ्यावर आली.

आरडाओरडा ऐकून राजनंदिनी आली ती आपलं पाण्याचं इंजिन घेऊनच. तळ्यातलंच पाणी उचलून ती उंचावरून परत तळ्यात पाडू लागली, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. पाइप स्वतः धरून उभी राहिली. ढग फाकून ऊन वर आलं तसे मासे हळूहळू खाली जायला लागले. निम्मे मेले, निम्मे वाचले.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. बद्रीनाथनं ती मोडली. "राजनंदिनी, आज तू होतीस म्हणून," एवढंच म्हणाला आणि हात जोडले.

दैवशालाला त्यानं उभ्या जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती.

वाचलेला मासा पाण्यात पुन्हा फिरून राह्यला होता. त्याच्याकडं बघत दैवशालाला वाटलं, सगळेच मेले असते तर बरं झालं असतं.